मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी लहान मुलांना सांगताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना या गोष्टी सांगणारे आईबाबा, आजीआजोबा, बालवाडीच्या ताई आणि वाचनालयात गोष्टींचा तास घेणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

मुल्ला नसरुद्दीन खरोखरचा माणूस होता का?

तुर्कस्तानात त्याला नसरेद्दिन होजा म्हणतात. तिथली परंपरा सांगते की तो १२०८ साली सिव्रिहिसारजवळच्या होर्तू गावात जन्मला, पुढे कोन्या प्रांतातल्या अक्शेहिरला राहायला गेला आणि १२८४-८५च्या सुमारास तिथेच वारला. अक्शेहिरला त्याची कबर दाखवतात. खांबांवर उभी, बाजूंनी मोकळी, पण पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप! शिळेवरचं हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतलं, साल ३८६ असं आहे. ते उलटं वाचलं की ६८३ होतं आणि १२८४-८५शी जुळतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे कुलूप आणि हे उलटं साल फार आवडतं. मुल्लाची ओळख करून द्यायला गोष्टीच्याही आधी हे सांगावं.

लेखी स्वरूपात तो भेटतो १४८०च्या ‘साल्तुकनामे’ या तुर्की ग्रंथात. त्याच्याही आधी अरबी मुलखात जुहा नावाचा असाच वेडा-शहाणा होता. नवव्या शतकातला अरबी लेखक अल-जाहिझ याच्या लेखनात त्याचा उल्लेख आहे. पुढे जुहाच्या गोष्टी नसरुद्दीनच्या नावावर गेल्या आणि नसरुद्दीनच्या जुहाच्या. त्यामुळे ‘मूळ गोष्ट कोणती’ यावर डोकं शिणवू नये. तोंडी फिरणाऱ्या गोष्टींचं असंच होतं. २०२२ साली अझरबैजान, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, तुर्कस्तान, तुर्कमेनिस्तान आणि उझबेकिस्तान या ७ देशांनी मिळून या गोष्टी सांगण्याची परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवून घेतली. एकट्या कुणाचा दावा नाही, हे बरंच झालं.

नाव कोणतं वापरायचं? होजा, जुहा, अफंदी की मुल्ला?

अफंदी हे त्याचं मध्य आशियातलं नाव. आपल्याकडे ‘मुल्ला नसरुद्दीन’ रुळलेलं आहे, तेच ठेवा. एका बैठकीत एकच नाव. ‘खोजा’ मात्र टाळा, कारण आपल्याकडे ते एका समाजाचं नाव आहे आणि मुलांचा उगाच गोंधळ होतो.

कोणत्या वयाला कोणती गोष्ट चालते?

तीन-चार वर्षांच्या मुलाला डोळ्यांना दिसणारा गोंधळ हवा. गाढवावर उलटा बसलेला मुल्ला इथे हमखास चालतो. शिष्य मागून चालताहेत. मुल्ला सरळ बसला तर त्यांच्याकडे पाठ होते, शिष्य पुढे गेले तर त्यांची पाठ मुल्लाकडे होते. मग तो गाढवाच्या शेपटीकडे तोंड करून बसतो. या वयात गोष्ट दोन मिनिटांची असावी. खुर्चीवर उलटं बसून दाखवलंत की निम्मं काम झालं.

गाढवं मोजण्याची गोष्ट चार-पाच वर्षांसाठी. मुल्ला १० गाढवं घेऊन निघाला. एकावर बसून मोजली तर ९. घाबरून खाली उतरला, मोजली तर १०. पुन्हा बसला, पुन्हा ९. मूल ज्या दिवशी दहापर्यंत नीट मोजायला लागतं, त्याच्या पुढच्या महिनाभरात ही गोष्ट सर्वांत जास्त रंगते. त्याआधी सांगितली तर कळत नाही, फार उशिरा सांगितली तर पुरत नाही.

पाच-सहाला ज्यात एक तर्क उलटतो अशा गोष्टी घ्या: टोपाची, मेजवानीला गेलेल्या कोटाची, सुपाच्या वासाची. कोटाच्या गोष्टीत साध्या कपड्यातल्या मुल्लाला कुणी विचारत नाही. तो घरी जाऊन भरजरी कोट घालून येतो, तेव्हा त्याला मानाच्या जागी बसवतात. मग तो कोटाची बाही ताटात बुडवतो: “खा रे कोटा, खा, जेवण तुझ्यासाठीच आहे.” सुपाच्या वासाचे पैसे मागणाऱ्या खानावळवाल्याला तो नाण्यांचा नुसता आवाज ऐकवतो.

किल्ली घरात हरवली पण उजेड अंगणात आहे म्हणून मुल्ला अंगणात शोधतो, ही सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट. लोक ती सगळ्यांत आधी सांगतात आणि तिथेच चुकतात. चार वर्षांच्या मुलाला त्यात विनोद दिसत नाही. उजेडात शोधायचं हे त्याला बरोबरच वाटतं. सातपर्यंत थांबा.

एखादी गोष्ट नेमकी कशी सांगायची, ते दाखवाल का?

टोपाची गोष्ट घेऊ.

मुल्लानं शेजाऱ्याकडून मोठा टोप मागून आणला. दुसऱ्या दिवशी परत केला. शेजाऱ्यानं आत बघितलं तर एक छोटं पातेलं! “हे काय?” मुल्ला म्हणाला, “अहो, तुमचा टोप व्याला. हे त्याचं पिल्लू.” शेजारी खूश. त्यानं टोपही घेतला आणि पातेलंही ठेवून घेतलं. काही दिवसांनी मुल्ला पुन्हा टोप घेऊन गेला. एक दिवस झाला, दोन झाले, आठ झाले, टोप काही येईना. शेजारी दारात येऊन उभा. “माझा टोप?” मुल्लानं मान खाली घातली. “काय सांगू! तुमचा टोप वारला हो.” “वारला? टोप कधी मरतो का?” “व्याला तेव्हा पटलं. मग वारला तेव्हा का पटत नाही?”

सावकाश सांगूनही ही दोन-तीन मिनिटांत होते. थांबायचं तीनच ठिकाणी. ‘हे त्याचं पिल्लू’ नंतर मनात तीन मोजा. मुलं तुमच्या तोंडाकडे बघू लागतील, बघू द्या. ‘टोप काही येईना’ नंतर विचारा, “कुठे गेला असेल?” आणि मिळतील ती उत्तरं घ्या. तिसरी जागा शेवटच्या वाक्यानंतरची. तिथे तुम्ही काहीच बोलायचं नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘पातेलंही ठेवून घेतलं’ हे वाक्य घाईत गाळणं. शेजाऱ्यानं लबाडी पचवली हे मुलांनी पाहिलेलं नसेल, तर शेवटी मुल्ला नुसता टोपचोर ठरतो. दुसरी चूक शब्दांची. ‘व्याला’ शहरातल्या पुष्कळ मुलांना माहीत नसतो. मग ‘बाळ झालं’ म्हणा, पण सुरुवातीला आणि शेवटी तेच शब्द आले पाहिजेत. सुरुवातीला ‘बाळ झालं’ आणि शेवटी ‘व्याला’ म्हणालात की गाठ सुटते. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर ही गोष्ट काही महिने बाजूला ठेवा.

शेवटी तात्पर्य सांगायचं ना?

नाही. इसापनीतीमुळे आपल्याला गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ लिहायची सवय लागली आहे. मुल्लाच्या गोष्टीत मुलानं स्वतः उडी मारून पलीकडे जायचं असतं. तुम्ही हात धरून नेलंत की उडी राहिली आणि हसूही राहिलं. ‘म्हणजे बघा, लोभ करू नये’ हे वाक्य आलं की वर्गातली मुलं चुळबुळायला लागतात. पुस्तकात तात्पर्य छापलेलं असेल तर वाचताना ते वगळा.

बोलायचंच असेल तर प्रश्न विचारा, आणि तोही पात्राबद्दल: “शेजारी घरी जाऊन काय म्हणाला असेल?” “आपण काय शिकलो?” हा प्रश्न नको.

मूल हसलंच नाही तर?

समजावू नका. विनोद समजावून सांगितला तर मूल समजुतीनं मान हलवतं आणि ती गोष्ट पुन्हा मागत नाही. दोन-चार दिवस जाऊ द्या, तीच गोष्ट त्याच शब्दांत पुन्हा सांगा. कित्येक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हसतात. तरीही नाही हसलं, तर बहुतेक वेळा गोष्टीतली एखादी वस्तू त्याच्या ओळखीची नसते. उदाहरणार्थ विरजण.

विरजणाची गोष्ट कोणती? मुलांना ती कळते का?

मुल्ला अक्शेहिरच्या सरोवराकाठी बसून चमच्यानं पाण्यात दही घालतोय. लोक विचारतात, “काय चाललंय?” “विरजण लावतोय.” “सरोवराचं कधी दही लागतं का?” मुल्ला म्हणतो, “लागलं तर?”

आमच्या मते सगळ्या मुल्लाकथांत ही सर्वांत सुंदर, आणि मराठी घरात ती सहज पोचते, कारण दही रोज घरी लागतं. ज्या मुलानं दही फक्त डब्यातलं पाहिलंय, त्याला मात्र यात काहीच सापडत नाही. त्यासाठी आदल्या रात्री तयारी करा. अर्धा लिटर दूध उकळून कोमट होऊ द्या. बोट बुडवलं तर सुखद ऊब लागावी, चटका नको. त्यात मुलाच्या हातून एक छोटा चमचा दही घालून ढवळा आणि झाकून ठेवा. शेजारी एका वाटीत साधं पाणी घ्या, त्यातही एक चमचा दही घालू द्या. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत दूध लागतं, थंडीत दहा-बारा तास धरा. दूध फार गरम असेल तर विरजण मरतं, गार असेल तर दही लागत नाही. दोन्ही वेळा सकाळी फजिती होते आणि गोष्ट हातची जाते. सकाळी दोन्ही भांडी मुलालाच उघडू द्या, मग गोष्ट सांगा. वाटीतलं पाणी टाकून द्या, प्यायला देऊ नका.

‘लागलं तर?’ हे शब्द हळू आवाजात म्हणायचे. ओरडून म्हटलं की मुल्ला मूर्ख वाटतो. हळू म्हटलं की मुलं क्षणभर सरोवराचा विचार करतात. अक्शेहिरला दर जुलैमध्ये होजाच्या नावानं उत्सव भरतो, त्यात एक जण होजाच्या वेशात विरजण लावण्याचा हा प्रसंग करून दाखवतो. हेही सांगा. मुलं लगेच विचारतात, “लागलं का?”

आणखी कोणत्या वस्तू हाताशी ठेवाव्यात?

फार नकोत. गाढवांसाठी काडेपेटीच्या दहा रिकाम्या पेट्या आणि मुल्ला म्हणून एक सोंगटी. मोजणी मुलांनी करायची, तुम्ही चुकीचाच आकडा लावून धरायचा. हा फेरा तीनदाच, चौथ्यांदा कंटाळा येतो. सुपाच्या वासाच्या गोष्टीला स्टीलचा डबा आणि तीन-चार नाणी. प्लास्टिकच्या डब्यात खणखणाट होत नाही आणि सगळी गंमत त्या आवाजातच आहे.

सशाच्या सुपाच्या गोष्टीला कोकम सरबत वापरा. एक जण मुल्लाला ससा देतो, मुल्ला त्याला सूप पाजतो. मग ‘ससा देणाऱ्याचा शेजारी’ येतो, मग ‘शेजाऱ्याचा शेजारी’. शेवटी मुल्ला गरम पाणी पुढे ठेवतो: “हे सशाच्या सुपाच्या सुपाचं सूप.” तीन पेले पाणी घ्या. पहिल्यात दोन चमचे कोकमचा पाक. पहिल्यातले दोन चमचे दुसऱ्यात, दुसऱ्यातले दोन चमचे तिसऱ्यात. तिसऱ्याला रंग उरत नाही. ससा नको वाटत असेल त्या घरी टोपलीभर भाजी द्या, गोष्ट कुठेही अडत नाही.

मुलं म्हणतात, “ही तर बिरबलाची खिचडी!” मग काय सांगायचं?

ती बरोबर आहेत. मुल्लाच्या गोष्टीत तो बर्फाच्या रात्री शेकोटीशिवाय डोंगरावर थांबण्याची पैज मारतो. दूरच्या खिडकीत एक मेणबत्ती दिसत होती, एवढ्यावरून मित्र म्हणतात, “तिच्यावर शेकलास, हरलास.” मुल्ला त्यांना जेवायला बोलावतो आणि उंच टांगलेल्या हंड्याखाली एक मेणबत्ती लावतो. आपल्या खिचडीची हीच बहीण. ‘ही त्यांनी उचलली’ किंवा ‘आपण उचलली’ असं काही म्हणू नका. दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगून फरक शोधायला सांगा. सात वर्षांची मुलं नेमकं बोट ठेवतात: बिरबल दुसऱ्या गरिबासाठी भांडतो, मुल्लावर स्वतःवरच अन्याय झालाय. आणि खिचडीत राजा चुकतो, मुल्लाकडे मित्र चुकतात.

या गोष्टींतून इस्लामची टिंगल होते का? मुसलमान मुलांना वाईट वाटेल का?

गोष्टीमुळे वाटत नाही, सांगणाऱ्यामुळे वाटू शकतं. मुल्ला स्वतः इमाम आहे, शिक्षक आहे, काही गोष्टींत काझी आहे. या गोष्टी शतकानुशतकं मुसलमान घरांतच सांगितल्या गेल्या आणि तिथे त्याच्यावर माया आहे. मशीद, शुक्रवारचं प्रवचन, काझी हे सगळं जसंच्या तसं ठेवा. एका वाक्यात अर्थ सांगा आणि पुढे चला. मुल्लाचा ‘मोरूकाका’ करू नका.

खरा धोका आवाजाचा आहे. आपल्याकडच्या नाटक-सिनेमांमुळे मुसलमान पात्र म्हटलं की मोडकं मराठी किंवा ‘अरे भाय’ आपसूक तोंडात येतं. इथे ते अजिबात नको. मुल्ला तुर्की बोलायचा. तुमच्या गोष्टीत तो तुमच्याइतकंच चांगलं मराठी बोलेल, शेजारीही तसंच. वर्गात मुसलमान मुलं असतील तर त्यांच्याकडे वळून ‘तुमच्याकडची गोष्ट’ असं म्हणू नका. सगळ्यांचीच आहे. त्यांच्या घरी आजीला आणखी गोष्टी येत असतील तर त्या आवर्जून मागवा.

चित्र काढताना काय लक्षात ठेवायचं?

वाळवंट, उंट आणि खजुराची झाडं काढू नका. अक्शेहिर पठारावर आहे, तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं. वाळवंटाचं चित्र दाखवलंत तर मेणबत्तीची गोष्ट कळणारच नाही. मुल्लाला पांढरी दाढी, मोठं गोल पागोटं, लांब अंगरखा आणि करडं गाढव द्या. पागोटं डोक्याच्या मानानं जरा मोठंच काढतात, तीच त्याची खूण. उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात ल्याबी-हौज तलावाजवळ १९७९ सालचा त्याचा पुतळा आहे, त्यातही तो गाढवावरच आहे.

कोणत्या गोष्टी वगळाव्यात?

बायकोला मूर्ख किंवा कजाग ठरवणाऱ्या पुष्कळ आहेत, त्या सोडा. आंधळ्या-बहिऱ्यांवर हसणाऱ्याही सोडा. मारझोडीवर संपणाऱ्या लहानांना नकोत. तैमूरलंगाच्या गोष्टी मजेदार आहेत, पण त्यांत राजाच्या दहशतीवर विनोद उभा असतो. ती दहशत आठच्या आतल्या मुलाला माहीत नसते. मोठ्या मुलांना सांगाल तेव्हा हेही सांगा: तैमूर अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, आला १४००च्या सुमारास, होजा त्याच्या शंभरावर वर्षं आधी गेला. लोकांना जुलमी राजासमोर आपला माणूस हवा होता, म्हणून दोघांची गाठ घालून दिली.

मुल्ला खोटं बोलतो. मुलं ते शिकणार नाहीत का?

मुलं या वयात ‘खरं’ आणि ‘गमतीचं’ यांतला फरक नीट ओळखतात. टोप व्याला असं घरी येऊन सांगतील, पण ते तुम्हाला हसवायला. शेजाऱ्यानं दोरी मागितली तर मुल्ला म्हणतो, “दोरीवर पीठ वाळत घातलंय.” नाही म्हणायचं होतं, म्हणून ही सबब. मुलांना यातली ओढाताण लगेच कळते, कारण खेळणं द्यायचं नसलं की त्यांचंही हेच चालू असतं.

“मुल्ला वेडा आहे का?” असं विचारलं तर हो-नाही करू नका. “तुला काय वाटतं?” म्हणा. पुढच्या गोष्टीनंतर तेच मूल उत्तर बदलतं.

वर्गात तीस मुलं आहेत. एवढ्यांना एकदम कसं गुंतवायचं?

प्रवचनाची गोष्ट खेळ म्हणून घ्या. तुम्ही मुल्ला, मुलं गावकरी. पहिला शुक्रवार: “मी काय सांगणार, माहीत आहे?” सगळे म्हणतात, “नाही!” “ज्यांना काहीच माहीत नाही त्यांना काय सांगायचं?” असं म्हणून दारापर्यंत चालत जा. दुसऱ्या शुक्रवारी सगळे “हो!” म्हणतात. “मग सांगायची गरजच नाही.” पुन्हा दारापर्यंत. तिसऱ्या शुक्रवारी डावीकडची मुलं “हो”, उजवीकडची “नाही”. “ज्यांना माहीत आहे त्यांनी बाकीच्यांना सांगा,” आणि तुम्ही खरोखर वर्गाबाहेर पडा. दहा सेकंदांनी परत या. फार वेळ बाहेर राहिलात तर आत गोंधळ होतो. मुलांना गोलात न बसवता मधे वाट ठेवून दोन गटांत बसवा, म्हणजे तिसऱ्या वेळी कुणी काय म्हणायचं ते आयत्या वेळी समजवावं लागत नाही. एका तासाला अशा तीन गोष्टी पुरे. चौथीला मुलं आधीच शेवट ओळखू पाहतात आणि ऐकेनाशी होतात.

परदेशात वाढणाऱ्या, मराठी कच्चं असलेल्या मुलांना जमतील?

मोठ्या गोष्टींपेक्षा या लवकर जमतात, कारण वाक्यं छोटी आणि निम्मी गोष्ट संवादात आहे. गाढवं मोजण्यापासून सुरू करा: आकडे, ‘बसला’, ‘उतरला’, ‘पुन्हा’, एवढ्या शब्दांत ती होते. अवघड शब्द सांगताना वस्तू हातात द्या, इंग्रजी प्रतिशब्द नको.

मुल्ला संपला की पुढे कोण?

इटलीच्या सिसिली बेटावर जुफा आहे, तो अरबी जुहाचाच वंशज. दार ‘ओढून घे’ म्हटल्यावर तो दारच उखडून ओढत नेतो. पाच वर्षांची मुलं यावर लोळून हसतात. बगदादचा बहलूल, खलिफा हारून अल-रशीदच्या काळातला, आठच्या पुढे घ्या. त्याचा विनोद राज्य आणि न्याय यांच्याभोवती फिरतो.

या गोष्टी आपल्या शब्दांत लिहून छापता येतात का?

लोककथा कुणाच्या मालकीच्या नसतात, त्या नव्यानं सांगायला परवानगी लागत नाही. पण एखाद्या लेखकानं केलेली मांडणी, त्याची वाक्यं आणि पुस्तकातली चित्रं त्याची असतात, ती उचलू नका. आधी गोष्ट चार-पाच वेळा तोंडी सांगा आणि मुलं जिथे हसली ते शब्द लिहून ठेवा. मग पुस्तक मिटून कागदावर उतरवा. एका पानावर एकच गोष्ट घ्या आणि शेवटचं वाक्य पान उलटल्यावर येईल असं ठेवा. समोरच दिसलं तर मूल तेच आधी वाचतं.